सुधारक आणि वाळीत टाकणारा समाज

१८४९ साली मुंबईत परमहंस सभा नावाची मंडळी गुपचूप जमू लागली. मराठीचं व्याकरण लिहिणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर तिच्या प्रवर्तकांपैकी एक. जातिभेद मोडावा, विधवांना लग्न करता यावं, मूर्तिपूजा सोडावी, अशी सभेची मतं. पण नुसती मतं असून भागत नसे. नव्या सभासदाला ख्रिस्ती माणसाच्या भट्टीतला पाव सगळ्यांसमोर खाऊन दाखवावा लागे. त्या काळी एवढ्याने जात बुडायची, म्हणून बैठका बंद दाराआड होत. १८६० च्या सुमारास सभेचे कागद चोरीला गेले, सभासदांची नावं फुटली आणि सभा मोडली. वादात त्यांना कोणी हरवलं नव्हतं. नावं बाहेर आली, एवढं पुरलं.

हिंदू समाजातल्या सुधारणा चळवळींचा इतिहास बहुधा ग्रंथांचा आणि कायद्यांचा म्हणून सांगितला जातो. कोणी कुठल्या स्मृतीतला आधार काढला, कुठल्या साली कुठला कायदा झाला, याच्या याद्या शाळेपासून पाठ असतात. प्रत्यक्षात सुधारणा पुढे सरकली की अडली, याचा निकाल बहुतेक वेळा जेवणाच्या पंक्तीत लागला. पंक्तीतून उठवायचं, सोयरीक तोडायची, भटजी, न्हावी आणि पाणी बंद करायचं, हे समाजाच्या हातातलं खरं हत्यार. ज्या चळवळीने आपल्या माणसांसाठी दुसरी पंगत, दुसरी शाळा, दुसरा पुरोहित उभा केला, ती टिकली. अशी दुसरी बिरादरी उभी राहिली की तिचं राजकारण व्हायलाही फार वेळ लागला नाही. त्या राजकारणात मूळ सुधारणेचं काय झालं, हा प्रश्न मात्र अवघड आहे.

बंगालमध्ये पहिला भर कायद्यावर होता. राममोहन रॉय यांनी १८२८ मध्ये ब्राह्म सभा काढली. पुढच्याच वर्षी डिसेंबरात गव्हर्नर जनरल बेंटिंक यांनी सतीबंदीचा हुकूम काढला. सनातन्यांची धर्मसभा त्याविरुद्ध थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेली आणि १८३२ मध्ये हरली. ईश्वरचंद्र विद्यासागरांनी पराशरस्मृतीच्या आधारावर विधवाविवाहाची बाजू मांडली. विरोधकांच्या अर्जावर समर्थकांपेक्षा कितीतरी जास्त सह्या होत्या, तरी १८५६ मध्ये कायदा झाला. पण सरकारने लग्नाला परवानगी दिली म्हणून लग्नाला पाहुणे येत नाहीत. विद्यासागर स्वतःच्या पैशाने विधवांची लग्नं लावत राहिले आणि कर्जात बुडाले.

त्या कायद्याची दुसरी बाजू फारशी कोणी सांगत नाही. पुनर्विवाह केला की पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा विधवेचा हक्क जाईल, असं कलम त्यात होतं. महाराष्ट्रातल्या अनेक जातींत विधवेचं दुसरं लग्न, म्हणजे पाट किंवा मोहतर, पूर्वीपासून रूढ होतं. त्या जातींच्या बायकांना या कायद्याची गरजच नव्हती. तरी मुंबई उच्च न्यायालयाने हक्क जाण्याचं कलम त्यांनाही लावलं. वरच्या जातींच्या घरातला प्रश्न सोडवायला निघालेली सुधारणा खालच्या घरांत अशी नुकसान करून गेली.

ब्राह्म समाजाने पुढे स्वतःची वेगळी बिरादरी करायचा प्रयत्न केला, पण तिचं दार फार अरुंद निघालं. १८७२ च्या विवाह कायद्याखाली लग्न करायचं तर वधूवरांना 'आम्ही हिंदू नाही' असं लिहून द्यावं लागे. त्याच कायद्यासाठी झटलेल्या केशवचंद्र सेन यांनी १८७८ मध्ये आपल्या अल्पवयीन मुलीचं लग्न कूचबिहारच्या राजाशी लावलं आणि समाजात उभी फूट पडली. टागोरांपासून कितीतरी मोठी माणसं या समाजाने दिली. जनगणनेत मात्र ब्राह्म म्हणवणारे काही हजारांच्या पुढे गेले नाहीत.

मुंबईच्या प्रार्थना समाजाने हा धडा घेतला, पण जरा जास्तच घेतला. केशवचंद्र १८६४ मध्ये मुंबईत येऊन गेले. त्यानंतर ३१ मार्च १८६७ रोजी डॉ. आत्माराम पांडुरंग, म्हणजे दादोबांचेच धाकटे भाऊ, यांच्या पुढाकाराने समाज सुरू झाला. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर आल्यावर त्याला वजन आलं. ब्राह्मांसारखं हिंदू धर्माबाहेर पडायचं नाही, संतांच्या भक्तिमार्गाला धरून राहायचं, असं त्यांनी ठरवलं. उपासनेत तुकोबांचे अभंग आले. सभासदाने घरातले देव काढावेत किंवा जात सोडावी, अशी सक्ती नव्हती. त्यामुळे माणसं सुरक्षित राहिली, पण वेळ आली तेव्हा पाठीशी उभं राहील असं दुसरं घर त्यांना मिळालं नाही.

वेळ लवकरच आली. विष्णुशास्त्री पंडितांनी पुनर्विवाहाची चळवळ चालवली आणि १८६९ मध्ये मुंबईत एका ब्राह्मण विधवेचं लग्न लागलं. लग्नाला हजर राहिलेल्यांवर बहिष्कार पडला. पुढच्या वर्षी पुण्यात शंकराचार्यांपुढे वादसभा भरली आणि निकाल सुधारकांच्या विरुद्ध गेला. १८७३ मध्ये रानड्यांची पहिली पत्नी वारली तेव्हा ते एकतीस वर्षांचे होते. विधवेशी लग्न करण्याचा आग्रह मित्रांनी धरला. वडिलांनी अकरा वर्षांच्या रमाबाईंशी लग्न ठरवलं आणि रानड्यांनी ते मान्य केलं. त्याच रमाबाई पुढे पुण्याच्या सेवासदनाच्या आधारस्तंभ झाल्या, हा या गोष्टीतला दिलासा. पण बोलतात एक आणि करतात दुसरंच, हा रानड्यांवरचा आरोप कायम राहिला आणि तो खोटा नव्हता.

१४ ऑक्टोबर १८९० चा चहा तर पुण्याच्या इतिहासात नोंदला गेला आहे. पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानासाठी शहरातली बडी मंडळी जमली होती. रानडे होते, टिळकही होते. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं आली. कोणी चहा घेतला, कोणी कप हातात धरून ठेवला. डॉ. आनंदीबाई जोशींचे पती गोपाळराव यांनी हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव'मध्ये छापून आणली आणि गावात ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचा वाद, माजलं. प्रकरण शंकराचार्यांच्या मठापर्यंत गेलं, चौकशी बसली. आपण काशीला प्रायश्चित्त घेतलंच आहे, असं टिळकांनी सांगितलं. रानडे आधी नकार देत होते. पण बहिष्काराने गांजलेल्या मित्रांकडे पाहून त्यांनीही अखेर प्रायश्चित्त घेतलं. रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींत हा प्रसंग लिहिला आहे, आणि तो कुठल्याही भाष्यापेक्षा बोलका आहे. उच्च न्यायालयात न्यायाधीश होण्याच्या योग्यतेचा माणूस चहाच्या कपापुढे हतबल झाला. कारण साधं होतं. श्राद्धाला भटजी आणि मुलीला स्थळ हायकोर्ट देत नाही.

धोंडो केशव कर्वे यांनी याच धाकाशी आयुष्यभर टक्कर दिली, पण तीही हिशेबाने. १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केलं तेव्हा कोकणातल्या त्यांच्या मुरुड गावाने बहिष्कार घातला. १८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, तो पुढे हिंगण्याला स्थिरावला. मात्र आश्रमाच्या कामापासून पुनर्विवाहाचा प्रचार त्यांनी मुद्दाम दूर ठेवला. इथे मुलींना फक्त शिकवतात, हा भरवसा लोकांना वाटला तरच मुली येणार होत्या. तडजोड म्हणावी तर आहेच. पण १९१६ चं महिला विद्यापीठ याच वाटेने उभं राहिलं.

एकीकडे हे चाललं असताना राजकारणाने सुधारणेशी काडीमोड घेतला. निमित्त झालं मुंबईच्या रखमाबाईंचं. लहानपणी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नवऱ्याकडे नांदायला नकार दिला. १८८७ मध्ये न्यायालयाने सांगितलं की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. पुढे तडजोड झाली आणि त्या डॉक्टर झाल्या. या खटल्याने आणि बंगालमधल्या फुलमणी नावाच्या बालवधूच्या मृत्यूने संमतिवयाचा प्रश्न पेटला. १८९१ च्या कायद्याने मुलीचं संमतिवय दहावरून बारा केलं. टिळकांनी त्याला कडाडून विरोध केला. मुलींची लग्नं मोठ्या वयात व्हावीत असं त्यांचंही मत होतं. परक्या सरकारने घरात हात घालू नये, हा त्यांचा मुद्दा. तो वरवर बिनतोड वाटतो. पण 'आधी स्वराज्य, मग सुधारणा' या क्रमात सुधारणेची पाळी कधी येणार, हे 'सुधारक'कार आगरकरांनी विचारलं आणि त्याला समाधानकारक उत्तर मिळालं नाही. आगरकरांच्या वाट्याला जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा पाहणं आलं. १८९५ मध्ये पुण्यात काँग्रेसचं अधिवेशन भरलं तेव्हा रानड्यांच्या सामाजिक परिषदेला काँग्रेसच्या मंडपात जागा मिळू दिली नाही. राजकारण आणि सुधारणा यांची ही फारकत पुढे बराच काळ टिकली.

पुण्यातच याच्या कितीतरी आधी वेगळा प्रयोग सुरू झाला होता. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली आणि त्यापायी त्यांना जोतीरावांच्या वडिलांचं घर सोडावं लागलं. २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन झाला. रानड्यांची मंडळी भटजी परत मिळावा म्हणून प्रायश्चित्त घेत होती. फुल्यांनी भटजीची गरजच काढून टाकली. पुरोहिताविना, मराठी मंगलाष्टकांनी लग्नं लागू लागली. दक्षिणा बुडाली म्हणून जुन्नर तालुक्यातल्या ओतूरच्या जोशांनी बाळाजी कुसाजी पाटलांना कोर्टात खेचलं. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि पाटील जिंकले. सुधारणेचा हा सर्वात थेट विजय, आणि तो दक्षिणेच्या चार पैशांवरून झाला! सत्यशोधकांमधूनच नारायण मेघाजी लोखंडे पुढे आले. गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून देणारे ते हेच. १८९० मध्ये विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही, असं मुंबईच्या न्हाव्यांनी ठरवलं, त्यामागेही तेच होते. स्मृती चाळत बसण्यापेक्षा वस्तरा खाली ठेवणं हा उपाय किती सरळ होता!

दयानंद सरस्वतींनी दुसऱ्या टोकाने हेच केलं. आर्य समाजाची स्थापना १८७५ मध्ये मुंबईत, गिरगावात झाली, हे आज फार जणांना ठाऊक नसतं. त्याच वर्षी पुण्यात त्यांची व्याख्यानं झाली आणि त्यांच्या मिरवणुकीत रानडे आणि फुले दोघेही चालले. विरोधकांनी गाढवाची 'गर्दभानंद' मिरवणूक काढली आणि चिखलफेक केली. पण आर्य समाजाचं खरं घर झालं पंजाब. स्वतःचे वेदोक्त संस्कार, स्वतःचे पुरोहित, १८८६ पासून डीएव्ही शाळा, १९०२ पासून कांगडीचं गुरुकुल, असं सगळं उभं राहिलं. १८९१ च्या जनगणनेत स्वतःला आर्य म्हणवणारे सुमारे चाळीस हजार होते, १९३१ मध्ये ते दहा लाखांच्या जवळ पोचले. मुलीच्या लग्नाचं किमान वय चौदा करणारा १९२९ चा कायदा ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते हरबिलास सारडा आर्य समाजीच.

याच बळाने आर्य समाज राजकारणात आला. लाला लजपतराय तिथूनच आले, भगतसिंगाच्या घरावरही त्याचाच संस्कार. स्वामी श्रद्धानंदांनी १९१९ मध्ये दिल्लीच्या जामा मशिदीतून भाषण केलं. त्यांनीच चार वर्षांनी शुद्धीची, म्हणजे धर्मांतरितांना पुन्हा हिंदू करून घेण्याची, मोहीम जोरात चालवली आणि १९२६ मध्ये त्यांची हत्या झाली. सुधारणेतून निघालेली चळवळ अशी हिंदू-मुस्लिम तेढीच्या केंद्रात जाऊन बसली. मराठवाड्याला ही चळवळ वेगळ्या रूपात आठवते. निजामी राज्यात यज्ञकुंडावर आणि आर्य मंदिरांवर निर्बंध आले आणि १९३८-३९ मध्ये मोठा सत्याग्रह झाला. लातूर, उदगीर, नांदेड भागातली कितीतरी माणसं राजकारणात आली ती या दारातून. आज पळून जाऊन लग्न करणारं आंतरजातीय जोडपं बहुधा आर्य समाजाच्याच मंदिराचं दार ठोठावतं. तिथल्या प्रमाणपत्राच्या वजनाबद्दल न्यायालयं कुरकुरतात, पण दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या वेगळ्या पुरोहिताचा उपयोग अजून संपलेला नाही.

दुसरी बिरादरी केरळातही उभी राहिली. नारायण गुरूंनी १८८८ मध्ये अरुविप्पुरम इथे स्वतः शिवलिंगाची प्रतिष्ठापना केली. ते ईळव समाजातले, म्हणजे रूढीप्रमाणे त्यांना तो अधिकार नव्हता. १९०३ मध्ये त्यांच्या नावाने संघटना झाली आणि देवळांबरोबर शाळाही निघाल्या. १९३६ मध्ये त्रावणकोरच्या महाराजांनी सरकारी देवळं सर्व हिंदूंना खुली केली. त्यामागे देवळाभोवतीचे रस्ते खुले व्हावेत म्हणून झालेला वायकोम सत्याग्रह होता, आणि ईळव सामुदायिक धर्मांतर करतील ही धास्तीही होती.

कोल्हापुरात सुधारणा गादीवरच बसली होती. पंचगंगेवर स्नानाच्या वेळी पुरोहित आपल्याला शूद्र मानून वेदोक्त मंत्र म्हणत नाही, हे कळल्यावर शाहू महाराजांनी वेदोक्ताचा वाद शेवटापर्यंत नेला. १९०२ मध्ये संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखल्या. जातवार वसतिगृहं काढली, १९२० मध्ये मराठ्यांचा स्वतंत्र क्षात्र जगद्गुरू नेमला. गंगाराम कांबळे या दलित गृहस्थाने कोल्हापुरात चहाचं दुकान काढलं तेव्हा महाराज गाडी थांबवून तिथला चहा घेत आणि बरोबरच्या अधिकाऱ्यांनाही पाजत. छत्रपतींना कोण वाळीत टाकणार?

शाहूंच्या पाठोपाठ सत्यशोधकांचं राजकारण झालं. १९१९ च्या सुधारणांनी मुंबई इलाख्यात मराठ्यांसाठी सात जागा राखल्या आणि ब्राह्मणेतर पक्ष उभा राहिला. भास्करराव जाधव मंत्री झाले. १९३० मध्ये केशवराव जेधे काँग्रेसमध्ये गेले आणि बहुजन समाज त्यांच्यामागे काँग्रेसकडे वळला. स्वातंत्र्यानंतरची महाराष्ट्राची सत्ता याच पायावर उभी राहिली. भाऊराव पाटलांची रयत शिक्षण संस्था ही या परंपरेची सगळ्यात भरीव देणगी. पण सत्ता आली तशी पुरोहिताविना लग्नाची हौस ओसरली. सत्यनारायण आणि भटजी परत आले, हुंडा वाढला. तमिळनाडूत पेरियारांच्या स्वाभिमान विवाहांना द्रमुकचं सरकार आल्यावर कायद्याची मान्यता मिळाली. महाराष्ट्रात सत्यशोधकांच्या वारसांनी सत्ता घेतली आणि लग्नाचा मुद्दा सोडून दिला. हे या चळवळीचं मोठं अपयश म्हटलं पाहिजे.

अस्पृश्यांपुढचा प्रश्न मात्र मुळातच वेगळा होता. ज्यांना जन्मापासून वाळीत टाकलेलं आहे, त्यांना बहिष्काराचा धाक कसला? विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ मध्ये प्रार्थना समाजाच्या मदतीने डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढलं आणि १९१७ मध्ये काँग्रेसला अस्पृश्यतेविरुद्ध ठराव करायला लावला. डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न ठरावातून काढून पाणवठ्यावर नेला. १९२३ च्या बोले ठरावाने सार्वजनिक पाणी कागदावर खुलं झालं होतं. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर ते खरोखर प्यायलं गेलं. उत्तर म्हणून सवर्णांनी मारहाण केली आणि तळं शुद्ध करून घेतलं. खटला दहा वर्षं चालला, १९३७ मध्ये उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. तोवर नाशिकच्या काळाराम मंदिरातल्या प्रवेशाचा सत्याग्रहही थकला होता आणि १९३५ मध्ये येवल्याला धर्मांतराची घोषणा झाली होती.

त्यानंतरचा एक प्रसंग या सगळ्या इतिहासाची मर्यादा दाखवतो. लाहोरच्या जातपाततोडक मंडळाने, म्हणजे आर्य समाजातल्याच पुढारलेल्या मंडळींनी, १९३६ च्या परिषदेचं अध्यक्षपद आंबेडकरांना दिलं. भाषणाची प्रत वाचल्यावर मंडळाने काही भाग वगळायला सांगितला. शास्त्रांचं प्रामाण्य मोडल्याशिवाय जात जाणार नाही, हा त्यातला मुद्दा त्यांना पचेना. आंबेडकरांनी स्वल्पविरामही बदलायला नकार दिला. परिषद रद्द झाली, भाषण पुस्तक म्हणून छापलं गेलं आणि आजही विकलं जातं. वेद हाती घेऊन निघालेली सुधारणा कुठे थांबणार, हे त्या पत्रव्यवहारात स्पष्ट दिसतं. वीस वर्षांनी नागपूरला आंबेडकरांनी बौद्ध धम्म स्वीकारला, आणि सुधारणेच्या राजकारणाला त्याच वेळी एक नवा समाजही मिळाला.

तत्पूर्वी कायदामंत्री म्हणून त्यांनी हिंदू कोड बिल पुढे रेटलं आणि ते अडवलं गेलं म्हणून सप्टेंबर १९५१ मध्ये राजीनामा दिला. १९५५-५६ मध्ये त्याचे तुकडे करून चार कायदे झाले: विवाह, वारसा, दत्तक-पोटगी, पालकत्व. घटस्फोट आणि मुलीचा वारसा हिंदू घरात आला तो असा. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका वाटा महाराष्ट्रात १९९४ मध्ये आणि देशभर २००५ मध्ये मिळाला. हक्कसोड पत्रावर बहिणीची सही घेण्याची दुय्यम निबंधक कार्यालयातली गर्दी मात्र कमी झालेली नाही. सही न देणाऱ्या बहिणीचं माहेर तुटतं. वाळीत टाकण्याचं हे घरगुती रूप.

बहिष्कारावर कायद्याने घाव घालायचा प्रयत्नही जुना आहे. मुंबई राज्याने १९४९ मध्ये जातिबहिष्काराला बंदी केली होती. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला. पुन्हा कायदा व्हायला अर्धशतक गेलं. जातपंचायतींविरुद्ध अंधश्रद्धा निर्मूलन समितीने मोहीम चालवली. २०१३ मध्ये समितीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा पुण्यात खून झाला आणि वर्षानुवर्षं रखडलेला जादूटोणाविरोधी कायदा काही महिन्यांत मंजूर झाला. २०१६ मध्ये विधिमंडळाने सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला. वाळीत टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पंचांचा निवाडा तोंडी असतो आणि साक्ष द्यायला गावात कोणी धजत नाही, ही पोलिसांपुढची अडचण आहेच.

म्हणून कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडची गोष्ट महत्त्वाची. मे २०२२ मध्ये, शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या आठवड्यात, या गावच्या ग्रामसभेने ठराव केला की नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. एकट्या घराने हे केलं असतं तर त्याच्याकडे बोटं दाखवली गेली असती. अख्ख्या गावानेच ठरवल्यावर वाळीत टाकायला कोणी उरलं नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून हेरवाडचा कित्ता गिरवण्याचं आवाहन सगळ्या ग्रामपंचायतींना केलं. आपल्या गावच्या ग्रामसभेत हा विषय आला का, हे वाचकांनी ग्रामपंचायतीत जरूर विचारावं.